सोहिरोबानाथ : लेखणी खाली ठेवणारा कुळकर्णी

पेडणे तालुक्यात विर्नोडा येथे शासकीय महाविद्यालय आहे. तेथे कला आणि वाणिज्य हे विषय शिकवले जातात आणि त्या महाविद्यालयाला नाव दिलेले आहे संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे. जमाखर्च, ताळेबंद, हिशेबतपासणी शिकायला येणारी मुले रोज एका नाथपंथी संताच्या नावाखालून आत जातात. वरवर पाहता ही जोडी विजोड वाटेल. पण सोहिरोबांचे चरित्र थोडे तरी ठाऊक असलेल्या माणसाला ती विजोड वाटणार नाही. हा संत मुळात हिशेब लिहिणारा माणूस होता. गावचा कुळकर्णी होता.

आमच्या मंडळातल्या पुष्कळ घरांची मुळे पेडणे-डिचोलीकडची. कोणाची पिढी पोर्तुगीज राजवटीत बाहेर पडली, कोणाची नंतर. चतुर्थीला माटोळी बांधण्याची रीत ज्यांनी इतकी वर्षे परमुलखात सांभाळली, त्या घरांतून सोहिरोबांची पदेही सांभाळली गेली. हरिभजनात वेळ घालवावा आणि आत लागलेला ज्ञानाचा दिवा विझू देऊ नये, असे सांगणारे त्यांचे पद पंडित जितेंद्र अभिषेकी यांच्या आवाजात आपण सर्वांनी ऐकलेले आहे. पद पाठ, चाल पाठ. पण ते रचणारा माणूस कोण होता, त्याने काय सोडले आणि काय धरले, हे घरातल्या मुलांना विचारले तर सांगता येईलच असे नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्यांची कथा सांगावी असे आम्ही ठरवले. त्यांचे तत्त्वज्ञान सांगण्याचा आमचा अधिकार नाही. आम्हाला सांगायचे आहे ते त्यांनी आयुष्यात केलेल्या तीन-चार निवडींविषयी.

आंबिये घराण्याचे मूळ आडनाव संझगिरी. हे सारस्वत घराणे पेडणे महालातील पालये गावचे. पालये म्हणजे हरमल आणि केरी यांच्या मधले समुद्रकाठचे गाव. माडांची रांग आणि मागे डोंगर. तेथून घराणे तेरेखोल नदीकाठच्या बांद्याला गेले, कुळकर्णीपणाचे काम करू लागले, आणि बांद्यातच १७१४ साली सोहिरोबांचा जन्म झाला. आज बांदे महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यात आणि पालये गोव्यात, मध्ये पत्रादेवीचा नाका. तेव्हा असा नाका नव्हता. बांदे, पेडणे, डिचोली, साखळी, सत्तरी हा सारा मुलूख कमीजास्त प्रमाणात सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखालचा. बोली एक, देवस्थाने एकमेकांत गुंतलेली, सोयरीक अलीकडे-पलीकडे.

तो काळ मात्र सुखाचा नव्हता. एका बाजूला पोर्तुगीज, दुसऱ्या बाजूला कोल्हापूरकर, समुद्रावर आंग्रे, आणि मध्ये सावंतांचे लहानसे राज्य. सोहिरोबा बत्तिशीत होते तेव्हा, १७४६ मध्ये, पोर्तुगीजांनी पेडणे महालातला हळर्णचा किल्ला जिंकला. पाठोपाठ तेरेखोलही घेतला. हळर्णच्या विजयाचा त्यांना इतका अभिमान वाटला की त्या व्हाइसरॉयला पुढे त्याच किल्ल्याच्या नावाने मार्किस दे आलोर्ना ही पदवी मिळाली. त्याच मोहिमेत डिचोली-साखळीचा भागही काही काळ त्यांच्याकडे गेला. एखादे गाव आज एका धन्याला सारा देते आणि उद्या दुसऱ्याला, अशा दिवसांत गावची दप्तरे सांभाळणाऱ्या माणसाचे काम काय असेल, याचा विचार करून पाहावा.

कुळकर्णी म्हणजे गावाची स्मरणशक्ती. कोणते शेत कोणाचे, किती पिकले, सारा किती ठरला, किती भरला, किती थकला, हे सारे त्याच्या दप्तरात. लिखाण मोडीत, टाक-बोरूने. गावातल्या बहुतेकांना अक्षरओळख नाही. कागदावर काय लिहिले हे कुळकर्ण्याने वाचून दाखवावे आणि समोरच्याने मान डोलवावी. सही येत नसेल तर कुणब्याने नांगराची निशाणी काढावी. म्हणजे कागदाच्या एका टोकाला कष्ट करणारा माणूस आणि दुसऱ्या टोकाला सरकार, आणि या दोघांनाही कागदावर काय आहे ते सांगणारा माणूस एकच.

अशा जागी बसलेल्याला मोह दाखवण्यासाठी कोणी सोन्याची थैली आणावी लागत नाही. एक शून्य पुढेमागे सरकले तरी पुरते. बांध हातभर इकडचा तिकडे लिहिला तरी पुरते. शिवाय कुळकर्ण्याला गावाकडून रीतसर हक्क असत, धान्याच्या रूपाने, नारळाच्या रूपाने. हक्काचा नारळ कोणता आणि मर्जी सांभाळण्यासाठी आणलेला नारळ कोणता, हे बाहेरून पाहणाऱ्याला ओळखता येत नाही. दोन्ही नारळ सारखेच दिसतात. फरक फक्त घेणाऱ्याला ठाऊक असतो. मराठीने या पेशासाठी कलमकसाई हा शब्द उगाच घडवला नाही. कसायाची सुरी सर्वांना दिसते, कलमाची सुरी दिसत नाही, हे आपल्या पूर्वजांनी अनुभवाने जाणले होते.

सोहिरोबांनी हे काम केले. ऐन तारुण्याची वर्षे केली. संत होण्यापूर्वीची ही वर्षे चरित्रकार भराभर ओलांडून जातात, कारण त्यांत चमत्कार नाही. आम्हाला मात्र तेथे थोडे थांबावेसे वाटते. दिवसभर दुसऱ्याच्या शेतांचा हिशेब लिहिणारा, संध्याकाळी देवापुढे बसणारा, पदे रचण्याची आवड असलेला हा तरुण गृहस्थ आपल्यापैकीच एक वाटतो.

मग तो प्रसंग येतो जो कोकण-गोव्यात घरोघरी सांगितला जातो. सावंतवाडीच्या दरबारातून त्यांना तातडीचे बोलावणे आले. वय पस्तिशीच्या आसपास. राजाचा निरोप म्हणजे हातातले टाकून निघायचे. बांद्याहून वाडी चारेक कोस. वाटेत खाण्यासाठी म्हणून एक फणस बरोबर घेतला आणि ते चालू लागले. इन्सुलीच्या रानात पोहोचेपर्यंत दमले, भुकेजले. झऱ्याकाठी बसून फणस फोडला. गरे तोंडात घालणार तोच एक जोगी समोर उभा राहिला आणि त्याने आपल्यालाही काही मिळेल का असे विचारले.

आता, राजाकडे तातडीने निघालेल्या कुळकर्ण्याला रानातल्या गोसाव्यासाठी वेळ नसावा, हे कोणीही समजून घेतले असते. घाईचे कारण खरे होते. भूक खरी होती. नाही म्हटले असते तर ते पाहणारे तेथे कोणी नव्हते, आणि हो म्हटले तर त्याची नोंद होईल असे कोणतेही दप्तर नव्हते. सोहिरोबांनी स्वतः खाण्याआधी गरे त्या जोग्यापुढे ठेवले. परंपरा सांगते की तो जोगी म्हणजे गहिनीनाथ. त्यांनी सोहिरोबांच्या मस्तकावर हात ठेवला, उपदेश केला, आणि ते दिसेनासे झाले.

गहिनीनाथ हे निवृत्तिनाथांचे गुरू, म्हणजे तेराव्या शतकातले. अठराव्या शतकात ते इन्सुलीच्या रानात कसे, असे विचारणारी मुले आमच्या घरांतही आहेत. त्यांना आमचे उत्तर असे: नाथपंथात गुरूंचा काळ पंचांगाने मोजत नाहीत, ती श्रद्धेची गोष्ट आहे आणि ती श्रद्धेवरच सोडावी. पण कथेचा पहिला अर्धा भाग कोणत्याही श्रद्धेशिवाय समजतो. साक्षात्कार नंतर आला. आधी आला तो फणस वाटून खाण्याचा निर्णय, आणि तो घेताना समोर कोण उभे आहे हे घेणाऱ्याला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर त्या देण्याला काय किंमत?

इन्सुलीला त्या जागेची आठवण आजही जपली जाते. महामार्गावरून गोव्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांतून आपण ती जागा किती वेळा ओलांडली असेल.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सोहिरोबांनी कुळकर्णीपण सोडले. हे वाक्य लिहायला सोपे आहे. त्या काळात वतन म्हणजे आजची नोकरी नव्हे, की एक सोडली तर दुसरीसाठी अर्ज करावा. वतन म्हणजे घराची पिढीजात ओळख, गावातला मान, वर्षभराचे धान्य, मुलांचे पुढचे भवितव्य. त्यासाठी भाऊ भावावर फिर्याद करी, पिढ्यान्पिढ्या तंटे चालत. घरात खाणारी तोंडे असताना हे सोडणाऱ्या माणसाला गावाने शहाणा म्हटले असेल असे आम्हाला वाटत नाही.

गंमत अशी की याच सुमारास सह्याद्रीपलीकडे नगर प्रांतात असाच एक कुळकर्णी असेच पाऊल उचलत होता. ताहराबादचे महिपती, भक्तविजयाचे कर्ते. त्यांचा जन्म १७१५ चा, सोहिरोबांच्या पाठोपाठचा. तेही गावचे कुळकर्णी. पूजेत असताना जहागीरदाराच्या कचेरीतून बोलावणे आले, शिपायाने थांबायला नकार दिला, पूजा अर्धी टाकून जावे लागले. काम उरकून परत आल्यावर महिपतींनी लेखणी विठोबाच्या पायांशी ठेवली आणि आपल्या वंशात पुन्हा कोणी सरकारी चाकरीसाठी ती उचलणार नाही असा संकल्प केला, असे सांगतात. दोघांचीही ओळख नव्हती. एक वारकरी, एक नाथपंथी. पण दोघांच्याही कथेत दरबारचे बोलावणे आहे, आणि दोघांच्याही कथेत लेखणी धन्याच्या हातून सुटून दुसऱ्या कामाला लागते.

येथे वाचकांपैकी कोणी म्हणेल की नोकरी सोडून देणे हाच प्रामाणिकपणा असेल, तर तो आमच्या काय कामाचा? घरावरचे कर्ज, मुलांची शिक्षणे, आईवडिलांची आजारपणे असताना आम्ही कोठे जावे? ही शंका रास्त आहे. तिला उत्तर संतपरंपरेतच आहे. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या हाताखाली हिशेब लिहिणारे एकनाथ एका पैची चूक सापडत नाही म्हणून रात्रभर जागले आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. एकनाथांनी वही टाकून दिली नाही. ती बरोबर केली. जनार्दनस्वामी स्वतः किल्ल्याचे अधिकारी होते आणि अखेरपर्यंत त्या जागेवर राहिले. तेव्हा वही सोडावी की वही धरावी, याचा एकच नियम नाही. एकनाथांना दिसले की वही धरून आपण सरळ राहू शकतो. सोहिरोबांना दिसले की आपले मन आता दप्तरात नाही, आणि मन नसताना वतनाचे धान्य खाणे हीसुद्धा एक प्रकारची खोटी नोंदच आहे. दोघांनी स्वतःला फसवले नाही, एवढे समान.

नोकरी सुटल्यावर सोहिरोबा घरीच राहिले. हेही लक्षात घेण्यासारखे आहे. उपदेश मिळाला म्हणून ते लगेच भगवी घालून हिमालयात गेले नाहीत. पुढची जवळजवळ पंचवीस वर्षे त्यांनी याच मुलखात काढली. अठराव्या शतकाच्या मध्यावर त्यांनी सिद्धांतसंहिता, अक्षयबोध, पूर्णाक्षरी, अद्वयानंद, महदनुभवेश्वरी असे ग्रंथ रचले. शिवाय शेकडो पदे, अभंग, श्लोक, आरत्या. पदे तोंडातून येत आणि हवेत विरत. ती उतरवून घेण्याचे काम घरातल्या बहिणीने केले, असे परंपरा सांगते. आज जे सोहिरोबा आपल्याला मिळतात ते पुष्कळसे त्या बहिणीच्या चिकाटीने. भावाने लेखणी खाली ठेवली, बहिणीने उचलली. फक्त त्या लेखणीत आता सारा वसूल करण्याची शाई राहिली नव्हती. संतांच्या चरित्रांत अशा बायकांची नावे क्वचितच येतात. आमच्या घरांतल्या आजी-पणजींनी वहीत उतरवून ठेवलेल्या आरत्या आणि ओव्या पाहिल्या की त्या बहिणीची आठवण होते.

वयाच्या साठीला, १७७४ च्या सुमारास, सोहिरोबा उत्तरेच्या यात्रेला निघाले. लोक ज्या वयात घरी परततात त्या वयात हे घराबाहेर पडले. फिरत फिरत ते शिंद्यांच्या मुलखात पोहोचले, आणि तेथे त्यांच्या आयुष्यातला दुसरा मोठा प्रसंग घडला.

शिंद्यांच्या फौजेत तेव्हा जिवबादादा केरकर हे मोठे नाव होते. जिवबादादा बक्षी म्हणून इतिहास त्यांना ओळखतो. ते मूळचे पेडणे महालातल्या केरीचे. केरी आणि पालये ही गावे शेजारशेजारची. एका गावचा माणूस घामाघूम न होता दुसऱ्या गावात पायी पोहोचतो. समुद्रकाठच्या या दोन गावांतून निघालेली दोन माणसे शेकडो कोसांवर उत्तरेत भेटली, एक सेनापती आणि एक फकीर. परमुलखात आपल्या बोलीचा माणूस भेटल्यावर काय वाटते हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. जिवबादादांनी आदर केला आणि सोहिरोबांची भेट महादजी शिंद्यांशी घडवून आणली.

महादजी म्हणजे त्या काळी उत्तर हिंदुस्थानातले सर्वांत मोठे मराठी सामर्थ्य. पानिपतावर पाय कायमचा अधू झालेला हा माणूस तेथून उभा राहिला. १७८२ चा इंग्रजांशी झालेला सालबाईचा तह त्यांच्या मध्यस्थीने झाला. १७८४ मध्ये दिल्लीच्या बादशहाने कारभाराची सूत्रे पेशव्यांच्या नावाने त्यांच्याकडे दिली. आणि हा सेनानी भक्तही होता. कृष्णभक्तीची पदे रचत असे, साधुसंतांना मान देत असे. म्हणजे येथे कोणी उन्मत्त, अडाणी सरदार नाही. चांगला, गुणी, मोठा माणूस आहे, आणि म्हणूनच पुढचा प्रसंग अवघड आहे.

कथा अशी की महादजींनी आपली कविता सोहिरोबांना दाखवली. काय अपेक्षा असते ते आपण जाणतो. मोठ्या माणसाने आपली हौसेने केलेली गोष्ट पुढे केली की समोरच्याने दोन चांगले शब्द बोलायचे. त्यात कोणाचे नुकसान नाही. कोणाचे शेत बुडत नाही, कोणाचा सारा वाढत नाही. आणि मिळण्यासारखे पुष्कळ: शालजोडी, वर्षासन, मठासाठी जमीन, शिष्यांच्या दोन वेळच्या जेवणाची कायमची सोय. शिवाय भेट घडवून आणणारा आपल्या शेजारच्या गावचा माणूस बाजूला उभा. त्याची लाज राखायची आहे. सारी परिस्थिती दोन गोड शब्दांच्या बाजूची होती.

सोहिरोबांनी ते शब्द उच्चारले नाहीत. गुरुकृपेचा अनुभव नसलेली ही रचना आपल्याला रुचत नाही, अशा अर्थाचे त्यांनी सरळ सांगितले. महादजी रागावले. तेव्हा सोहिरोबांनी तिथल्या तिथे हिंदीत एक पद रचले. फकिराला कोणाच्या दौलतीची गरज नाही, असा त्याचा आशय. ते पद म्हणून ते निघून गेले. आजही ते पद गायले जाते आणि गाणारा बहुधा ते मस्तीत गातो. पण त्या क्षणी साठी ओलांडलेला एक माणूस घरापासून शेकडो कोसांवर उभा होता, हातात काही नव्हते, आणि उत्तरेतला सर्वांत बलवान माणूस त्याच्यावर रुष्ट झालेला होता. फकिरीची ती मस्ती फुकट मिळालेली नव्हती.

आम्हाला या प्रसंगात विशेष वाटते ते हे. कुळकर्ण्याच्या दप्तरात खोटी नोंद करू नये हे सर्वांना पटते, कारण तेथे कोणाचे तरी नुकसान दिसते. पण तोंडदेखली स्तुती ही आपण सभ्यपणात मोजतो. सोहिरोबांना दोन्ही एकच वाटले असावे. जे मनाच्या वहीत नाही ते जिभेवर लिहायचे नाही. आयुष्याच्या पूर्वार्धात अक्षर आणि आकडा खरा ठेवण्याची जी सवय लागली, तीच उत्तरार्धात महादजींपुढे कामाला आली, असे आम्ही मानतो. मोठ्या प्रसंगी माणूस नवा होत नाही. रोजच्या वहीत जो असतो तोच तेथे उभा राहतो.

आणि जिवबादादांचे काय? त्या दिवशी त्यांची काय अवस्था झाली असेल हे नोकरी केलेल्या कोणालाही कळेल. आपण शब्द टाकून आणलेला पाहुणा धन्याला दुखवून गेला. तरीही सोहिरोबांची ही कथा पिढ्यान्पिढ्या सांगताना जिवबादादांचे नाव त्यांना महादजींकडे नेणारा आपला माणूस म्हणूनच घेतले जाते. त्यांनी संताला दूषण दिल्याचे किंवा नाव टाकल्याचे कोठे येत नाही. त्यांचा मार्ग निराळा होता. ते चाकरीत राहिले. १७९४ मध्ये महादजी वारले आणि तरुण दौलतराव गादीवर आले, तेव्हाही जिवबादादा त्या घराण्याच्या सेवेत उभे होते. १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचे नेतृत्व त्यांनी केले आणि १७९६ मध्ये त्यांचे निधन झाले. पालयेच्या घराण्यातला एकजण सोडून सरळ राहिला, केरीचा एकजण धरून. पेडणे महालाने आपल्याला एकाच पिढीत हे दोन्ही नमुने दाखवले, हे आपले भाग्य.

सोहिरोबा पुढे उज्जैनला राहिले. तेथे त्यांचा मठ झाला, शिष्य झाले. १७९२ साली रामनवमीच्या दिवशी ते मठातून निघून गेले आणि पुन्हा कोणाला दिसले नाहीत, असे परंपरा सांगते. समाधी नाही, दहनाची जागा नाही. दप्तर सोडणाऱ्या माणसाने शेवटची नोंदही मागे ठेवली नाही.

ते उत्तरेत असतानाच इकडे घरचा मुलूख बदलून गेला होता. १७८१-८२ मध्ये डिचोली आणि सत्तरी, आणि १७८८ मध्ये पेडणे महाल पोर्तुगीजांकडे गेला. नव्या काबिजादी हे नाव त्यानंतरचे. पालये परक्या अमलाखाली, बांदे सावंतांकडे. पुढे पावणेदोनशे वर्षे, १९६१ पर्यंत, ही रेघ राहिली. पण पदांना परवाना लागला नाही. पलीकडे बांद्यात आणि अलीकडे पेडण्या-डिचोलीत, भजनाच्या पारावर, देवळांच्या सप्ताहांत ती गायली जात राहिली. डिचोली तालुक्यात नार्वे येथे शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये सप्तकोटेश्वराचे देऊळ उभारून दिले. राज्ये बदलतात आणि श्रद्धेची ठिकाणे टिकतात, हे त्या मातीला नवे नव्हते. देवळाला दगडांचा आधार असतो. सोहिरोबांच्या पदांना फक्त माणसांच्या कंठाचा होता, आणि तेवढ्यावर ती अडीचशे वर्षे टिकली.

आता आपल्याकडे वळू. आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यभर कोणत्या ना कोणत्या वहीवर काम केले. कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी सरकारी खात्यात, कोणी दुकानात, कोणी कारखान्याच्या भांडारात. आज वही संगणकात गेली, कुळकर्णी गेला आणि त्याच्या जागी आपण बसलो. महादजींसारखा धनी आपल्यावर रागावण्याचा योग आपल्याला येणार नाही. पण प्रवासखर्चाचे बिल भरण्याचा योग येतो. रजेच्या अर्जात कारण लिहिण्याचा येतो. घर विकताना कागदावर किती आणि हातात किती हे ठरवण्याचा येतो. वजनाला टाकलेली भाजी दुकानदाराने चुकून कमी धरली तर सांगावे की न सांगावे, असा येतो. दिवाळीत कोणी मिठाईचा डबा आणून दिला तर तो हक्काचा नारळ आहे की मर्जीचा, हे ओळखण्याचा येतो. आणि कोणाच्या मुलाचे गाणे, कोणाची कविता, कोणाचा लेख वाचून खरे काय वाटले ते सांगावे, की दोन गोड शब्दांवर भागवावे, असाही येतो. खरे बोलताना दुखवलेच पाहिजे असे नाही. पण गोड राहण्यासाठी खोटे बोललेच पाहिजे असेही नाही. या दोन्हींच्या मधली वाट शोधण्यात आपला दिवस जातो.

मुले हे सारे पाहत असतात. घरात आलेला फोन आपण नाही म्हणून सांग, असे आपण मुलाला सांगतो तेव्हा त्याला त्या दिवशीचा धडा मिळतो. उलट बसमध्ये तिकीट मागून घेणारी आजी, उरलेले सुटे पैसे वाण्याला परत नेऊन देणारे आजोबा, यांचे धडेही त्याला मिळतात. आपल्या बहुतेकांना ते असेच मिळाले. कोणी बसवून शिकवले नाही.

मंडळाचेच पाहा. दरवर्षी वर्गणी जमते, पावत्या फाटतात, मांडववाल्याचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे, फुलांचे, प्रसादाचे पैसे दिले जातात. उत्सव संपला, विसर्जन झाले, माटोळीतली फळे वाटून झाली, की कोषाध्यक्ष एका संध्याकाळी जमाखर्च घेऊन बसतात. बाकीचे घरी गेलेले असतात, टाळ्या वाजवायला कोणी नसते. कधी दहा-वीस रुपयांचा मेळ लागत नाही. खिशातून घालून मोकळे व्हावे असे कोणालाही वाटेल, आणि त्यात कोणी दोष काढणार नाही. पण पावत्या पुन्हा लावल्या जातात, बेरीज पुन्हा केली जाते, आणि चूक सापडेपर्यंत दिवा मालवला जात नाही. गणपती ही विद्येची देवता, आणि व्यासांच्या महाभारताचा लेखनिकही तोच. त्याच्या उत्सवाचा हिशेब खरा असणे हीसुद्धा त्याची पूजाच आहे.

यंदा चतुर्थीच्या भजनात सोहिरोबांचे पद आले, तर ते म्हणण्याआधी मुलांना एवढे सांगावे, की हे रचणारा माणूस आपल्याकडचा, पालयेच्या घराण्यातला, बांद्याचा. हिशेब लिहीत असे. एकदा भूक लागलेली असताना त्याने आपला फणस अनोळखी माणसापुढे ठेवला होता. मग पद सुरू करावे.